फळीवरचे दोन बिल्ले

स्लोव्हाकिया,
रविवार, ३१ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप आप्पांस साष्टांग नमस्कार.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि व्हॉट्सॲपवर मी अर्धी अक्षरं खातो, ही तुमची तक्रार मान्य. म्हणून आजपासून कागदावर. फोटो काढून विजूच्या फोनवर पाठवतोय. तिला म्हणावं, भावाचं पत्र मोठं करून दाखव आणि आधी स्वतः वाचू नकोस.

काम ठीक आहे. गाडीच्या दारांची लाइन, चाकणला होती तशीच. फरक एवढाच की इथं सात महिने झाले की घरी बसवत नाहीत, वर्षाचा करार आहे. पण आप्पा, कामाचं सोडा. तुम्ही इथं असता तर वेडे झाला असता. होस्टेलच्या खिडकीतून डोंगर दिसतात, आणि पायथ्यापासून माथ्यापर्यंत नुसतं जंगल. सरळसोट, उंच झाडं. आत शिरलं की दुपारीही दिवेलागणीसारखं वाटतं. वाटेवर अस्वलांपासून सावध राहा अशा पाट्या आहेत. रणजीत प्रत्येक पाटीपाशी उभं राहून फोटो काढतो आणि आईला पाठवतो. शालनकाकू चाकणहून रडत फोन करतात.

रणजीत तुम्हाला आठवत असेल, आपल्याकडे आखाडाच्या मटणाला जेवायला आला होता तो. चाकणला आम्ही एकाच लाइनवर होतो. इथं दर रविवारी आम्ही दोघं भटकतो. मागच्या आठवड्यात एक किल्ला पाहिला. लोहगडाची सवय असलेल्या माणसाला हे किल्ले म्हणजे लग्नाचे हॉल वाटतात. छप्पर शाबूत, खिडक्यांना काचा, आणि आत शिरताना बुटांवर लोकरी सपाता चढवायला लावतात, फरशी खराब होऊ नये म्हणून. रणजीत घसरून दाणकन पडला. म्हणाला, "राव, शत्रूला अडवायची ही आयडिया भारी हाय."

पण खरी मजा गुहांची. हा सगळा डोंगर चुनखडीचा, पाण्यानं आतून खाल्लेला. आपल्या बेडशाची लेणी माणसानं छिन्नीनं कोरली, ही पाण्यानं. छतावरून चुन्याचे सुळके लोंबतात, टोकाला एकेक थेंब. आम्ही जातो ती गुहा मोठ्या पर्यटकांची नाही. गावातल्या मंडळाची आहे, फक्त रविवारी उघडतात. राखणदार आजोबा बाहेरच्या खोलीत सूप पीत बसतात. तोंडाशी लोखंडी जाळीचं दार आणि बाजूला खिळे ठोकलेली फळी. आत जाताना नंबरचा पितळी बिल्ला खिळ्याला अडकवायचा, बाहेर आल्यावर काढून डब्यात टाकायचा. पाचला फळी रिकामी दिसली की आजोबा कुलूप लावून गावात जातात. मला तुमचा प्रेस शॉप आठवला.

आईला सांगा, जेवतोय.

तुमचा,
सुजित

*

दापोडी,
१४ सप्टेंबर २०२५

चि. सुजित यास अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. तुझ्या आईला चारदा वाचून दाखवलं. अस्वलाचं वाक्य चारही वेळा गाळलं. दुरून डोंगर साजरे म्हणतात, तुझे जवळूनही साजरे दिसतात. मजा वाटली. रविवारी मळवलीला उतरून तुला लोहगडावर न्यायचो, तेव्हा अर्ध्या वाटेत "खांद्यावर घ्या" म्हणून बसायचास. आता मला गुहा शिकवतोस.

ते बिल्ल्याचं वाचून बरं वाटलं. आमच्या पत्रा दाबायच्या प्रेसला दुरुस्तीसाठी आत वाकण्याआधी आपला बिल्ला स्विचला अडकवायचा नियम होता. बिल्ला दिसतोय तोवर कुणी बटण दाबायचं नाही. आणि दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना. चौतीस वर्षांत माझे कान गेले, पण दहाच्या दहा बोटं शाबूत आहेत, ती त्या बिल्ल्यामुळं. तू पहिला आत शिर की दहावा, बिल्ला लावल्याशिवाय पाऊल टाकू नकोस.

शेजारच्या सोपानरावांना तुझा किल्ल्याचा फोटो दाखवला. त्यांचा जावई दुबईला आहे. चष्मा पुसून पुन्हा बघितला.

तुझा,
आप्पा

*

२५ सप्टेंबर २०२५

ती. आप्पांस सा. न.

हे पत्र आईला वाचून दाखवू नका.

मला परत यायचंय. कामाला भीत नाही. पण आप्पा, इथं दिवसभर कुणी माझ्याशी बोलत नाही. लाइनवरचे लोक वाईट नाहीत, त्यांना माझी भाषा येत नाही आणि मला त्यांची. रणजीतची आणि माझी शिफ्ट उलटसुलट लागते, तो झोपतो तेव्हा मी कामावर. आता दिवस लहान व्हायला लागलेत. म्हणतात, डिसेंबरात चारलाच अंधार होतो. मला रात्रभर झोप येत नाही आणि कामावर डोळे मिटतात. परवा दाराची फ्रेम उलटी लावली. सुपरवायझर ओरडला नाही, नुसता बघत राहिला.

रविवारी गुहेत गेलं की तेवढा वेळ बरं वाटतं. आत कुणी कुणाशी बोलत नाही, त्यामुळं आपण एकटे आहोत असं वाटत नाही. कधी कधी बाहेर यायलाच नको वाटतं.

दिवाळीनंतर येऊ का? चाकणला पुन्हा कंत्राटावर लागेन. तुम्ही हो म्हणा.

सुजित

*

दापोडी,
३ ऑक्टोबर २०२५

चि. सुजित,

काल दसरा झाला. सणाच्या दिवशी रागानं लिहायचं नाही म्हणून आज लिहितोय.

परत येऊन काय करणार? सात महिने काम, पाच महिने घरी, हे तू सहा वर्षं केलंस. तेव्हाही तुला झोप नव्हती. कुठंही गेलं तरी पळसाला पानं तीनच. मी धाराशिवहून या गावात आलो तेव्हा मलाही कुणी विचारत नव्हतं. आठ जण एका खोलीत राहायचो, पाळीनं झोपायचो. मी वडिलांना येऊ का म्हणून लिहिलं नाही.

सगळ्या गल्लीला सांगून बसलोय. आता करार संपायच्या आधी तोंड घेऊन आलास तर मी तुला दारात उभा करणार नाही. वर्ष पुरं कर. आणि ते गुहेबिहेत भटकणं कमी कर, त्यानंच मन हळवं होतं.

आईला काही बोललो नाही.

आप्पा

*

स्लोव्हाकिया,
९ नोव्हेंबर २०२५

ती. काकांस रणजीतचा सा. न.

महिना होत आला, पत्र लिहायला हात उचलत नव्हता. सुजितला दापोडीला आणलं त्या दिवशी मी येऊ शकलो नाही. कंपनीनं सुट्टी दिली नाही. आमची आई आली होती, तिनं सांगितलं की काकूंना दोघींनी धरलं होतं.

विजूताईनं मेसेज करून विचारलं होतं की नक्की काय झालं. मला माहीत आहे तेवढं सांगतो. १२ तारखेच्या रविवारी आम्ही सकाळी गुहेत गेलो. माझी दुपारी दोनची शिफ्ट होती, ओव्हरटाइमची. म्हणून मी आधी निघालो. तो मागं राहिला. रात्री दहाला सुटून आलो तर तो खोलीवर नव्हता. सोमवारी शोध सुरू झाला, मंगळवारी सकाळी सापडला. आत थंडी फार असते, कपडे ओले झाले की माणूस टिकत नाही. तो खूप आत होता, काका. झोपल्यासारखा दिसत होता. त्याला काही कळलं नसेल, असं डॉक्टर म्हणाले.

त्याचे बूट आणि बॅग माझ्याकडे आहेत. कुणी येणारं भेटलं की पाठवतो. काकूंना जपा.

रणजीत

*

दापोडी,
३० नोव्हेंबर २०२५

चि. रणजीत यास आशीर्वाद.

तुझं पत्र पावलं. तिथल्या पोलिसांचा कागदही आला. विजयश्रीनं फोनवर लावून त्याचं मराठी करून दिलं. त्यात एक वाक्य आहे. पाच वाजता फळीवर एकही बिल्ला नव्हता, म्हणजे मृताने आत जाताना बिल्ला लावला नाही, नियम पाळला नाही. राखणदाराचा दोष नाही.

हे वाक्य मला गिळता येत नाही. माझा मुलगा आळशी असेल, हळवा असेल, पण बिल्ला न लावता तो आत जाणार नाही. मी त्याला त्या दिवसाच्या महिनाभर आधीच बजावलं होतं. मग एकच अर्थ निघतो. त्यानं मुद्दाम लावला नाही. कुणी शोधायला येऊ नये म्हणून.

तुला ठाऊक नसेल म्हणून सांगतो. त्याला परत यायचं होतं. मी नाही म्हणालो. दारात उभा करणार नाही, असं लिहिलं. त्यानंतर नऊ दिवसांनी हे झालं. त्याच्या पत्रात आहे, गुहेतून बाहेर यायलाच नको वाटतं. मी ते वाचलं होतं, रणजीत. वाचून रागावलो होतो.

त्याची दोन्ही पत्रं आणि माझं उत्तर विजयश्रीच्या फोनवर आहेत हे त्याच्या आईला, अंबूला कळलं. तिनं ती वाचून घेतली. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, माझ्यासमोर ठेवते आणि दुसऱ्या खोलीत जाते. परवा फक्त एवढंच म्हणाली, "लेकरानं विचारलं व्हतं. व्हय म्हणायला काय लागत व्हतं तुम्हाला?"

दापोडी स्टेशनच्या बाकावर दुपारभर बसतो. मला गाड्या ऐकू येत नाहीत, नुसत्या जाताना दिसतात. माझ्याही मनात काय येतं ते तुला लिहीत नाही.

तू शेवटचा त्याच्याबरोबर होतास. त्या दिवशी तो कसा होता? काही बोलला का? जीव द्यायलाच आत राहिला होता का? तुला ठाऊक असेल ते खरं खरं सांग. आम्हा दोघांना खरं कळल्याशिवाय पुढचा दिवस ढकलता येणार नाही. जे असेल ते सोसायची तयारी आहे.

तुझा,
अर्जुनराव

*

स्लोव्हाकिया,
रविवार, १८ जानेवारी २०२६

ती. काकांस,

सात आठवडे उत्तर दिलं नाही. रोज लिहायचो आणि फाडायचो. हे पत्र विजूताईच्या फोनवर न पाठवता पोस्टानं पाठवतोय, म्हणजे पहिल्यांदा तुमच्याच हातात पडेल. आधी लिहिलं ते निम्मं खोटं होतं.

सुजितनं जीव दिला नाही. त्यानं बिल्ला लावला होता, माझ्यादेखत, माझ्या शेजारच्या खिळ्याला. तो मी काढला.

चाकणला आमची पद्धत होती. सुटताना गेटवर पुढं पोचेल त्यानं दोघांचं हजेरीचं कार्ड पंच करायचं. मागच्याला बससाठी पळता यायला हवं म्हणून. सहा वर्षं आम्ही हेच केलं. त्या दिवशी माझी बस बारा चाळीसची होती. सुजित म्हणाला, "तू हो पुढं, दोन मिनिटांत आलोच. आप्पांसाठी एक फोटो काढतो." मी बाहेर आलो. फळीवर दोनच बिल्ले होते, त्याचा आणि माझा. हात गेला आणि दोन्ही काढून डब्यात टाकले. विचारच केला नाही, काका. कार्ड पंच करताना कोण विचार करतं? आत तोंड करून ओरडलो, "तुझं पण झालं रे!" आणि बसकडे पळालो.

एवढ्यावर थांबलं असतं तर तो वाचला असता. सोमवारी सकाळी सुपरवायझरनं आणि पोलिसांनी मला विचारलं, तो गुहेतून बाहेर आला होता का? फळी रिकामी होती, हे राखणदारानं सांगितलंच होतं. मी नाही म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न बिल्ल्याचा होता. मी हो म्हणालो. म्हणालो, माझ्याबरोबरच बाहेर आला, किल्ल्याकडे जातो म्हणाला. मला तेव्हा खरंच वाटत होतं की तो कुठंतरी बाहेरच असेल. खरं वाटत होतं की वाटून घेतलं, ते आता सांगता येत नाही. सोमवारचा सगळा दिवस त्यांनी किल्ल्याभोवतीचं जंगल पिंजलं. मीही त्यांच्याबरोबर हाका मारत फिरत होतो.

मंगळवारी आजोबांनी गुहेचं दार उघडलं. तो आत नव्हता, काका. दाराशीच होता. आत कुठंतरी खोल घसरून डावा घोटा मोडला होता, फोन भिजून बंद पडला होता. पँट दोन्ही गुडघ्यांवर फाटलेली होती, म्हणजे रांगत आला असणार. डॉक्टर म्हणाले, सोमवारी संध्याकाळपर्यंत जिवंत असावा. पोलिसांनी ठरवलं की तो नंतर एकटाच बिल्ला न लावता पुन्हा आत शिरला, आणि मी ते तसंच लिहू दिलं.

तुमच्या पत्रानं तो गेला नाही. ते पत्र त्यानं मला दाखवलं होतं. म्हणाला, "म्हातारा चिडलाय, पण सोपानरावांपुढं त्याची मान खाली नको. काढू वर्ष." त्या दिवशी तो बरा होता. आपण होऊन हसत होता.

मी पोलिसांकडे जाऊन सगळं सांगायचं म्हणतो. नोकरी जाईल, कदाचित तुरुंगही होईल. आईला अजून सांगितलेलं नाही. तुम्ही म्हणाल तसं करीन. माफी मागायची माझी लायकी नाही, तरी मागतो.

रणजीत

*

दापोडी,
२२ फेब्रुवारी २०२६

रणजीत,

तुझं पत्र ९ तारखेला पोस्टमननं दिलं. जिन्यातच वाचलं. त्या रात्री मला चार महिन्यांत पहिल्यांदा झोप लागली. माझ्या शब्दानं पोर गेलं नाही, एवढंच डोक्यात राहिलं होतं. बाकीचं सकाळी कळलं.

आठ दिवस अंबूला सांगितलं नाही. पण ती माझ्याशी बोलत नव्हती आणि मी निर्दोष असल्याचा कागद माझ्या खिशात होता. मला राहवलं नाही. स्वार्थी माणूस मी. तिला समोर बसवलं आणि सगळं वाचून दाखवलं. वाटलं होतं, तुला शिव्या देईल, मग मला जवळ करील.

तिनं तुझं नावही काढलं नाही. मला विचारलं, "सोमवारी व्हता का त्यो?" मी हो म्हणालो. म्हणाली, "सोमवारी मी त्याच्या पार्सलचा चिवडा केला. खोबरं जास्त घातलं, त्याला आवडतं म्हणून." मग म्हणाली, "दाराशी बसून हाका मारल्या असतील. तिथं कुणाला कळत व्हतं त्याचं बोलणं? आई म्हणाला असंल, तर ते कुणाला कळलं असंल?"

तेव्हापासून ती माझ्याशी बोलते. रोज तेच विचारते. रविवारी पाचपासून सोमवार संध्याकाळपर्यंत किती तास झाले ते विचारते. मी मोजून सांगतो, ती ऐकते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारते. विजयश्री म्हणते, डॉक्टरला दाखवू. पिंपरीच्या दवाखान्यात नेलं होतं. गोळ्या दिल्यात. गोळी घेऊनही विचारते.

तू पोलिसांकडे जा. सुजितनं बिल्ला लावला होता, एवढं त्यांच्या कागदावर त्यांच्या भाषेत लिहून घे आणि त्याची प्रत मला पाठव. तुझं पुढं काय व्हायचं ते होवो, त्यात माझा हात नाही आणि माझा अडथळाही नाही. शालनबाईंना तू स्वतः सांग. त्या मागच्या आठवड्यात अंबूला बघायला आल्या, तिच्या डोक्याला तेल लावून गेल्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

माफीचं म्हणशील, तर तीनदा लिहायला बसलो. आमच्या शॉपमध्येही आम्ही एकमेकांची कार्डं पंच करायचो, म्हणजे तू केलंस ते मला समजत नाही असं नाही. तो हात गेला, ते मी समजू शकतो. सोमवारी तू हो म्हणालास, तिथं माझी लेखणी थांबते. ती पुढं जाईल असं वाटत नाही. वाट बघू नकोस.

मी तुला खरं सांग म्हणालो होतो. सोसायची तयारी आहे, असंही लिहिलं होतं. नव्हती. चार महिने मला वाटत होतं की त्याला बाहेर यायचंच नव्हतं. तेव्हा तो माझ्या डोळ्यांपुढं यायचा तो पाठमोरा, आत आत जाताना. आता समोरून येतो, गुडघ्यांवर. काल अंबू म्हणाली, "त्यानं आपल्या मर्जीनं जीव दिला असता तर बरं झालं असतं." आई असून असं म्हणाली. आणि मी तिला गप्प केलं नाही, कारण मलाही तेच वाटत होतं. माझ्या पत्रानं तो गेला असता, तर ते ओझं मी मरेपर्यंत उचललं असतं, रणजीत. हे उचलत नाही.

अर्जुनराव